थोरल्या माधवरावांची अंतकाळची याद

पेशवाईंतील मरणकालच्या लेखांचा विचार आपल्या अभ्यासकांनीं बहुधा राजकारणाच्या अंगानें केला आहे. श्रीमंत थोरले माधवराव पेशवे यांनीं सप्टेंबर १७७२ च्या अखेरीस करविलेल्या नऊ कलमांच्या यादीचेंही तसेंच झालें. आम्हींही ती आजवर त्याच अंगानें वाचली होती. परंतु गतवर्षीं आमचे एक वडीलधारे स्नेही निवर्तले, आणि त्यांच्या मृत्युपत्रान्वयें त्यांची मिळकत व संग्रह यांची व्यवस्था आमच्याकडे आली. संग्रहाच्या खोलीचें कुलूप काढून आंत बसलों तों त्यांचा चष्मा अजून एका पोथीवर उपडा पडलेला. पहिले दोन दिवस आमच्या हातून कांहींच झालें नाहीं. पुढें तें काम चालू असतां माधवरावांची याद पुन्हां वाचली, तेव्हां तिच्यांतील कलमें आम्हांस निराळीं दिसूं लागलीं. तेवढ्यापुरतेंच हें टिपण आहे.

पानिपतानंतर सुमारें पांच महिन्यांनीं नानासाहेब वारले व सोळा वर्षांच्या माधवरावांकडे पेशवेपद आलें. त्याबरोबर वडिलांचें कर्जही आलें. कर्ज हें त्या घराण्यास नवें नव्हतें. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींस लिहितांना थोरले बाजीराव सावकारांच्या तगाद्यानें किती गांजलेले दिसतात, हें वाचकांस ठाऊकच आहे. माधवरावांची कारकीर्द निजाम, हैदर आणि खुद्द घरांतले काका यांच्याशीं झगडण्यांत गेली. त्यांतच राजयक्ष्म्यानें घेरलें, आणि श्रीगजाननाच्या सान्निध्यांत राहावें म्हणून ते थेऊरास आले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं ते तेथेंच निवर्तले. वयाचीं अठ्ठावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. रमाबाईंनीं सहगमन केलें.

मरणापूर्वीं सुमारें सात आठवडे झालेल्या ह्या यादींत अग्रभागीं काय आहे? वारस कोण, गादी कोणास, हें नव्हे. कर्ज वारावें, जरूर पडल्यास आपल्या खाजगी खजिन्यांतूनही वारावें, हें आहे. मक्त्यानें वसूल करण्याची रीत रयतेस जाचक आहे, तिची चौकशी करून बंदोबस्त करावा. काशी व प्रयाग हीं क्षेत्रें सोडवावीं, ही वडिलांची इच्छा होती. मातुःश्रींच्या मनांत काशीवास आहे. काकांची नेमणूक चालवावी. अशीं कलमें पुढें येतात. मिताक्षरा मानणाऱ्या घरांत हा क्रम स्वाभाविक होता. जो रिक्थ घेतो तो ऋणही घेतो, हा याज्ञवल्क्याचा दंडक विज्ञानेश्वरानें विस्तारानें सांगितला आहे. परंतु येथें दौलतीच्या देण्यासाठीं धनी आपली खाजगी मोकळी करून देत आहे. असें उदाहरण त्या शतकांतील सत्ताधाऱ्यांत विरळाच.

मालमत्तेचा आंकडा ग्रँट डफनें आपल्या १८२६ च्या इतिहासांत दिला आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणें हिशेब पुरा केल्यावर दौलतीच्या बाजूस ६५ लाख रुपये शिल्लक दिसले, व माधवरावांची खाजगी मालमत्ता २४ लाखांची होती ती दौलतीकडे आली. हे आंकडे पुष्कळांनीं कौतुकानें उद्धृत केले आहेत. मात्र ६५ लाखांत बाहेरील येणें व कोठारांतील सामानाची किंमत धरली आहे, हें डफ स्वतःच सांगतो, तें बहुधा गाळलें जातें. मृताचें येणें म्हणजे काय चीज असते, हें ज्यानें एकदां वसूल करून पाहिलें त्यालाच कळतें. आमच्या स्नेह्यांच्या वहींतही येणें बरेंच होतें. ऋणकोंपैकीं एकजण प्रेताबरोबर चालला होता व ढसढसां रडलाही. दिवसांनंतर त्यास रकमेची आठवण दिली तेव्हां त्यानें आम्हांस ओळखही दिली नाहीं. वहीवरचें येणें खजिन्यांत आणण्यास धनी जिवंत असावा लागतो, किंवा त्याच्या मागून येणाराचा दरारा तरी असावा लागतो.

तो दरारा थेऊरच्या चितेबरोबरच गेला. नारायणराव सतरा वर्षांचे. सखारामबापू मुरब्बी, पण त्यांचा ओढा दादासाहेबांकडे. नाना फडणीस तिशींतले. हिशेबाचे धनी, परंतु अद्याप सत्तेचे नव्हत. आणि स्वतः रघुनाथराव १७६८ च्या धोडपच्या लढाईपासून शनिवारवाड्यांत नजरकैदेंत होते. माधवरावांनीं शेवटीं त्यांस थेऊरास बोलावून नारायणरावांस त्यांच्या ओटींत घातलें. ह्यांत भोळेपणा होता असें म्हणणारे आहेत. आम्हांस तसें वाटत नाहीं. मरणाऱ्या माणसास व्यवस्था पाहणारे नवे घडवितां येत नाहींत. घरांत जे असतील त्यांच्यावरच विसंबावें लागतें. नेमणूक देऊन काकांस संतुष्ट ठेवावें, हें कलम त्यांनीं काकांस ओळखून घातलें होतें, न ओळखतां नव्हे.

पुढें काय झालें तें सर्वविश्रुत आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं गारद्यांनीं नारायणरावांस वाड्यांत ठार मारलें. मृत्युपत्राच्या भाषेंत बोलावयाचें तर ज्याच्या हवालीं अज्ञान भाऊ केला, त्याच्याच नांवावर त्याच्या खुनाचा ठपका आला.

क्षेत्रांच्या कलमाची गत याहून विलक्षण झाली, आणि तींत कारभाऱ्यांस फारसा दोष देतां येत नाहीं. जानेवारी १७७२ मध्यें मराठ्यांनीं शहाआलमास दिल्लीस नेऊन बसविलें होतें, व पुढें कोरा आणि अलाहाबाद हे प्रांत बादशहानें मराठ्यांस लिहून दिले. तेव्हां कलम लिहविलें गेलें त्या घडीस तें केवळ मनोरथ नव्हतें. परंतु इंग्रजांनीं ताबा सोडला नाहीं. सप्टेंबर १७७३ मध्यें हेस्टिंग्सनें ते दोन्ही प्रांत ५० लाखांस शुजाउद्दौल्यास दिले, आणि १७७५ सालीं बनारसही कंपनीच्या हातीं गेलें. तीन वर्षांच्या आंत इच्छापूर्तीचें दारच लागलें. मातुःश्री गोपिकाबाई तर पुत्र व नातू पाहून, उरलेलें आयुष्य गंगापुराकडे काढून १७८८ सालीं नाशकास वारल्या.

कर्जाचें कलम तेवढें चिवट निघालें. बारभाईंच्या कारभारांत नानांनीं दौलतीच्या हिशेबाची जी घडी बसविली तिच्या मुळाशीं हीच याद होती, असें आम्ही सिद्ध करूं शकत नाहीं व म्हणतही नाहीं. पण फडावरच्या ज्या माणसानें धन्याचें अखेरचें देणें पाहिलें, त्याच्या हिशेबी स्वभावावर त्याचा ठसा उमटला नसेल असें मानणें आम्हांस कठीण जातें.

आमच्या स्नेह्यांच्या मृत्युपत्रांतही पहिलें कलम देण्याचेंच होतें. पैशाचें देणें थोडें होतें, तें महिन्यांत फिटलें. परंतु खरें देणें कपाटांत होतें. चाळीस वर्षांत घरोघरून नकलेसाठीं म्हणून आणलेले रुमाल त्यांनीं आपल्या रुमालांशेजारींच ठेवले होते. एका लहान वहींत ‘परत करणें’ असा मथळा घालून त्यांची नोंद केली होती. कांहीं नोंदींपुढें नांव, कांहींपुढें नुसतें गांव, दोहोंपुढें कांहींच नाहीं. संग्रह घेण्यास उत्सुक असलेल्या एका संस्थेनें हे रुमालही त्यांत घालावेत असें सुचविलें. कोण विचारतो, असा भाव होता. आम्हीं तें मान्य केलें नाहीं. अकरा रुमाल गांवोगांव जाऊन परत केले. एका घरीं म्हाताऱ्या बाईंनीं रुमाल ओळखला, उशाशीं ठेवला, आणि आंत काय आहे हें विचारलेंही नाहीं.

दोन रुमाल राहिले आहेत. एकाचें वस्त्र फिकट तांबडें, कांठ हातशिलाईचा, आंत मोडीतले सावकारी हिशेब व थोड्या कौलनाम्यांच्या नकला आहेत. दुसरा पांढऱ्या मांजरपाटाचा. त्यांत एका देवस्थानच्या खर्चाचे बंद असून पहिले व शेवटले बंद गहाळ आहेत. वाचकांपैकीं कोणाच्या घराण्यांतून किंवा परिचितांकडून असे रुमाल पूर्वीं गेले असतील, तर त्यांनीं आंतील मजकुराची कांहीं खूण लिहून मंडळाच्या पत्त्यावर कळवावें. खूण पटतांच रुमाल ज्याचा त्यास पोंचता करूं.