लग्नमंडपातला नवा मानकरी

लग्नघरी ज्यांच्यावाचून अडते अशा माणसांची यादी आपल्याकडे फार जुनी आहे. भटजी हवेत, आचारी हवेत, वाजंत्रीवाले हवेत; चुडा भरावयास कासार हवा, बोहल्याची मडकी आणावयास कुंभार हवा. गावगाड्यात ह्यांपैकी बहुतेकांचा हक्क आणि मान परंपरेने ठरलेला असे. आज मात्र ह्या सर्वांच्या आधी ज्याला विसार देऊन बांधून ठेवावे लागते, त्याचे नाव त्या जुन्या यादीत कोठेच नाही. तो म्हणजे फोटोग्राफर. त्याला बलुते नाही, वतन नाही, शास्त्रात स्थान नाही. आणि तरीही अंतरपाट दूर होतो त्या क्षणी वधूवरांच्या अगदी जवळ, पाठीशी उभ्या असलेल्या मामांच्याही पुढे, तोच असतो. हा मनुष्य तेथवर पोहोचला कसा, आणि पोहोचल्यावर त्याने लग्नाचे काय केले, ह्याचा विचार आम्ही येथे करणार आहोत. विषय हलका वाटेल. पण आमच्या मते आपल्या समाजात साक्ष कोणाची मानावयाची, हा प्रश्न त्यात दडलेला आहे, आणि तो हलका नव्हे.

छायाचित्रणाची कला १८३९ साली पॅरिस येथे जाहीर झाली. दागेर ह्या गृहस्थाने चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रतिमा धरून दाखविली. परंतु तो पत्रा एकुलता एक. त्याच्या प्रती निघत नसत. १८५१ साली आर्चर ह्या इंग्रजाने काचेवर कलोडियनचा ओला थर देऊन निगेटिव्ह तयार करण्याची कृती काढली, तेव्हा प्रतींचा प्रश्न सुटला. पण दुसरा उभा राहिला. काच ओली असतानाच चित्र घ्यावयाचे आणि ओली असतानाच धुवावयाचे, म्हणजे अंधारी खोली किंवा काळा तंबू हाताशी हवाच. चित्र उमटावयास कित्येक सेकंद लागत, तेवढा वेळ माणसाने निश्चल राहावयाचे. आता आपल्या लग्नाचा विचार करा. मंडपाचे कापड वर, होमाचा धूर डोळ्यांत, अक्षतांचा मारा सुरू, आणि शंभर माणसांपैकी एकही स्वस्थ नाही! त्यातून आपल्या लोकांना गोरज मुहूर्ताचे प्रेम. गायी रानातून परततात ती वेळ लग्नाला उत्तम असेल, पण फोटोग्राफरच्या दृष्टीने दिवसाच्या उजेडातली ती सर्वांत वाईट वेळ. म्हणून सुरुवातीची चाळीस-पन्नास वर्षे फोटोग्राफर लग्नाला जात नसे. लग्नच फोटोग्राफरकडे जात असे.

ह्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडच्या राजघराण्यातच सापडते. व्हिक्टोरिया राणीचे लग्न १० फेब्रुवारी १८४० रोजी झाले. त्याचा फोटो नाही. मे १८५४ मध्ये राणी व प्रिन्स अल्बर्ट ह्यांनी दरबारी पोशाखात रॉजर फेंटन ह्या छायाचित्रकारासमोर बसून चित्रे काढविली, आणि पुढे कित्येकांनी तीच त्यांच्या लग्नाची चित्रे समजून छापली. लग्नाला चौदा वर्षे झालेली, पदरी मुलेबाळे, आणि लोकांच्या लेखी ते नवपरिणीत दांपत्य! चित्र दिसले की प्रसंग घडला असे समजण्याची मनुष्याची खोड किती जुनी आहे, हे ह्यावरून दिसते.

त्याच राणीच्या थोरल्या मुलीचे लग्न २५ जानेवारी १८५८ रोजी झाले. त्या दिवशी चर्चकडे निघण्यापूर्वी आईबाप व नवरी मुलगी ह्या तिघांचे चित्र घेण्यात आले. चित्रात बाप स्पष्ट आहे, मुलगी स्पष्ट आहे. आईचा चेहरा मात्र अस्पष्ट. मुलगी सासरी प्रशियाला जावयाची, आणि राणीच्या अंगाला कंप सुटला होता. तो थांबला नाही म्हणून चित्र हलले, असे तिने स्वतःच आपल्या रोजनिशीत नमूद केले आहे. तांत्रिक दृष्टीने हे चित्र फसलेले. आम्हांस मात्र त्या काळच्या शेकडो ताठ आणि निर्जीव चित्रांहून हे एक फसलेले चित्र अधिक खरे वाटते. मुलगी सासरी निघाली की आईचे काय होते, हे समजावयास त्या चित्राला मथळा लागत नाही.

मुंबईत ही विद्या फार लवकर रुजली. १८५४ साली येथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी ह्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण ह्यांनी मुंबईत स्वतःचा धंदा मांडला. लोक आता पैसे देऊन फोटो काढवून घेऊ लागले. लग्नानंतर सवडीने चांगला दिवस पाहून जोडपे शहरातील चित्रशाळेत जाई. मागे रंगविलेला पडदा, त्यावर कधी न पाहिलेल्या बागेचे खांब आणि जिने. एकाने खुर्चीत बसावयाचे, दुसऱ्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहावयाचे. हसावयाचे नाही, कारण हसू तितका वेळ टिकत नाही. आपल्या पणजोबा-पणजींच्या चित्रांत जो करारी गंभीरपणा आपण वाखाणतो, त्याचा पुष्कळसा भाग त्यांच्या स्वभावाचा नसून काचेचा आहे.

स्त्रियांनी परक्या पुरुषासमोर बसावयाचे कसे, ही अडचण होतीच. राजा दीनदयाळ ह्यांनी १८९२ साली हैदराबाद येथे केवळ स्त्रियांसाठी चित्रशाळा काढली आणि ती एका इंग्रज बाईकडे सोपविली, ती ह्यासाठीच. दुसरी अडचण भीतीची. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्रा आणि बडोदे येथे फोटोचा धंदा करीत. कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती ओढून घेतो आणि आयुष्य कमी करतो, अशा समजुतीने बडोद्याचा धंदा बसला, असे त्यांच्या चरित्रात येते. लग्नासारख्या शुभकार्यात असल्या यंत्राला कोण बोलावणार?

ह्या यंत्राला मंडपाचे दार उघडून दिले ते उजेडाने. १८७१ नंतर कोरड्या काचा आल्या आणि काळा तंबू सुटला. १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमची भुकटी व पोटॅशियम क्लोरेट ह्यांचे मिश्रण पेटवून क्षणभर लख्ख प्रकाश पाडण्याची युक्ती निघाली. एका हातात पत्र्याची तबकडी उंच धरावयाची, तीत ही पूड. भडका उडाला की चित्र झाले. पण त्याबरोबर पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि राख खाली येई. आपल्या मंडपात वर कापड, भोवती कागदी पताका आणि वाळलेले आंब्याचे टहाळे! यजमानाने ह्या मनुष्याला लांब उभे केले असेल तर त्यात नवल नाही. १९३० च्या सुमारास काचेच्या बंद फुग्यात भडकणारे फ्लॅशचे बल्ब आले. धूर गेला, आगीचे भय गेले. एका चित्राला एक बल्ब, आणि उडाल्यावर तो हाताला चटका देणारा. फोटोग्राफरच्या कोटाचे खिसे त्या काळी बल्बांनी फुगलेले असत. दुसऱ्या महायुद्धानंतर लहान कॅमेरे आणि हे बल्ब घेऊन पाश्चात्त्य देशांतील अनेक तरुण थेट लग्नसमारंभात शिरले, आणि चित्रशाळेत गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्या जुन्या व्यावसायिकांनाही नाइलाजाने बाहेर पडावे लागले. आपल्याकडेही ह्याच मार्गाने तो बोहल्यापर्यंत आला.

ह्या धंद्याची खरी कसोटी येथे सुरू होते. चित्रशाळेत मनुष्य हलला तर दुसरी काच घालता येते. मंडपात दुसरी काच नाही. जुन्या चौकोनी कॅमेऱ्यात एका फितीवर बारा चित्रे येत. दहावे, अकरावे चित्र झाले आणि भटजी शेवटच्या मंगलाष्टकाशी आले, की जाणता फोटोग्राफर उरलेल्या एक-दोन चित्रांवर पाणी सोडून फीत बदलून टाकी. कंजूषपणा केला तर ‘शुभमंगल सावधान’ होऊन हार पडावयाच्या वेळी हातात उघडा कॅमेरा आणि गुंडाळायची राहिलेली फीत! आचाऱ्याचा भात करपला तर दुसरा टाकता येतो, वाजंत्री बेसूर झाली तरी लग्न लागते. पण हा क्षण गेला तर लाख रुपये ओतून परत येत नाही, आणि त्याचा दोष जन्मभर एकाच माणसाच्या माथी. मिळकतीचे म्हणाल तर ती हंगामी. तुळशीचे लग्न लागले की हंगाम सुरू, आणि चातुर्मास आला की शाळांचे गट आणि ओळखपत्रांचे चेहरे ह्यांवर घर चालवावयाचे. लग्नाच्या रात्री सर्व जेवून झोपले की ह्याचे अर्धे काम पुढेच. अंधारात फिती धुवावयाच्या, तांबड्या दिव्याखाली हायपोच्या पाण्यातून प्रती काढावयाच्या. प्रती नीट न धुतल्या तर काही वर्षांत पिवळ्या पडतात, म्हणजे त्या रात्री केलेली घाई उघडी पडावयास गिऱ्हाइकाचा मुलगा लग्नाचा व्हावा लागतो.

तथापि त्याने लग्नाचे काही बिघडविले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. पूर्वी लग्न लागे ते जमलेल्या लोकांपुढे. आता ते पुष्कळदा कॅमेऱ्यापुढे लागते, आणि लोकांना फोटोग्राफरची पाठ दिसते. हार घालताना ‘जरा तसेच थांबा’, कन्यादानाच्या पाण्याची धार ‘पुन्हा एकदा सोडा’, अशा आज्ञा भटजींनाही ऐकाव्या लागतात. मुहूर्त पंचांगाने काढलेला आणि क्षण फोटोग्राफरने धरलेला! व्हिक्टोरिया राणीने लग्नानंतर चौदा वर्षांनी जे केले, ते आता मंडपातच पाचदहा सेकंदांत होते, इतकाच फरक.

परंतु ह्या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती गंभीर आहे. आपल्या जुन्या रीतीत लग्नाला साक्षी अग्नी आणि जमलेली माणसे. अग्नी कोर्टात येत नाही, आणि माणसे फुटतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमाने असे ठरविले, की ज्यांच्या रूढीत सप्तपदी आहे त्यांचे लग्न सातवे पाऊल टाकताच पूर्ण होते. १९६५ साली महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला एक खटला ह्या संदर्भात पाहण्यासारखा आहे. पहिली बायको हयात असताना एका गृहस्थाने दुसरे लग्न केल्याचा आरोप होता. दुसऱ्या समारंभात होम व सप्तपदी हे आवश्यक विधी झाल्याचे सिद्ध झाले नाही, म्हणून ते लग्नच कायदेशीर रीतीने लागले नाही असे ठरून आरोपी सुटला. तेव्हापासून द्विभार्येच्या खटल्यात फिर्यादी स्त्रीपुढे हा पहाड उभा असतो: नवऱ्याने गुपचूप केलेल्या लग्नातील सात पावले तिने सिद्ध करावयाची. आणि स्वतःचे लग्न कोणी नाकारले तर पुरावा कोठून आणावयाचा? कपाटातील आल्बमाला अशा वेळी जी किंमत येते, ती देणाऱ्या-घेणाऱ्या कोणाच्याही मनात फोटो काढताना नसते.

येथे एक चमत्कारिक विरोध लक्षात येतो. आपल्या लोकांच्या मनात लग्न लागते ते मंगलाष्टके संपून अक्षता पडल्या की. पाहुणे त्यानंतर पंगतीकडे वळतात. कायदा ज्याची वाट पाहतो ती सप्तपदी पुष्कळदा त्यानंतर होते, रिकाम्या खुर्च्यांपुढे, चारदोन घरच्या माणसांदेखत. तेथे उपाशीपोटी उभा असलेला बाहेरचा मनुष्य एकच, तो फोटोग्राफर. सर्वच लग्नांत सप्तपदी नसते, हेही खरे. १८७३ साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाची पद्धत निराळी. १९५६ च्या धर्मांतरानंतर रूढ झालेली बौद्ध पद्धत निराळी. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लागणाऱ्या लग्नात तर नोंदवहीवरील सहीच महत्त्वाची. कोणत्या लग्नात कोणता क्षण लग्नाचा, हे ज्याला ठाऊक नाही त्याने उत्तम कॅमेरा बाळगूनही उपयोग नाही. आम्ही जे जुने फोटोग्राफर पाहिले, त्यांना पौरोहित्य येत नव्हते, पण मंत्र कोठे संपतात हे ते भटजींइतकेच अचूक ओळखत.

त्यानंतरची हकीकत सर्वांच्या डोळ्यांसमोरची आहे. उटकमंडच्या सरकारी कारखान्याची देशी फिल्म १९६७ पासून निघू लागली. रंगीत चित्रे आली, १९८० नंतर व्हिडिओ आला आणि त्याच्या प्रखर दिव्यात नवऱ्यामुलाचे गंध ओघळू लागले. मग फीतच गेली. उटकमंडचा कारखानाही बंद पडला. बारा चित्रांची काटकसर जाऊन एका लग्नाची हजारो चित्रे निघू लागली, आणि आल्बम एखादेच कुटुंब पुरे पाहते.

मात्र साक्षीचा प्रश्न सुटला नाही. उलट बिकट झाला. पूर्वी फोटोबद्दल शंका आली की निगेटिव्ह मागविता येई आणि ती काढणाऱ्याला पिंजऱ्यात उभे करता येई. आता चित्रातील माणूस बदलणे, नसलेला माणूस उभा करणे हे कोणालाही जमते. म्हणून १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाने संगणकीय चित्रासोबत प्रमाणपत्र मागितले आहे. त्याचा एक भाग ते देणाऱ्याने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने. आणि चित्राच्या फाइलवरून काढलेली, ती तसूभर बदलली तरी बदलणारी अशी एक खूणसंख्या त्यात लिहावयाची. त्यामुळे जिल्ह्याच्या गावातील एखाद्या दुकानदाराला, आठदहा वर्षांपूर्वीच्या कोणत्या लग्नाची मूळ चित्रे कोणत्या डिस्कवर ठेवली, हे आता वहीत लिहून ठेवावे लागेल.