चित्रफितींचे रूपांतर : मुक्त सॉफ्टवेअर कसे निवडावे?

जुन्या सीडीवर जपलेले लग्न किंवा जत्रेत रंगलेले नाटक नव्या टीव्हीवर वा मोबाइलवर चालेनासे झाले की फाइलच्या रूपांतराचा प्रश्न उभा राहतो. घाईत निवडलेल्या साधनाने चित्र धूसर झाले आणि मूळ फाइलही पुसली गेली, तर ते नुकसान भरून निघत नाही.

प्रथम एक भेद जाणून घ्यावा. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय ही केवळ वेष्टने होत; आतील चित्र ज्या पद्धतीने आटोपशीर केलेले असते, तो कोडेक निराळा. २००३ साली प्रमाणित झालेला एच.२६४ हा आज बहुतेक उपकरणांना समजणारा कोडेक आहे. नुसते वेष्टन बदलल्यास चित्राला धक्का लागत नाही व काम झटपट होते. एच.२६४ सारखा कोडेक वापरून चित्र नव्याने बांधताना मात्र दर वेळी थोडा तपशील गळतो. फाइलमध्ये कोणता कोडेक आहे, हे व्हीएलसीच्या ‘टूल्स’ यादीतील ‘कोडेक इन्फर्मेशन’मध्ये दिसते.

त्यानुसार साधन निवडावे. एकदोन साध्या फाइलींसाठी व्हीएलसीमधील ‘कन्व्हर्ट/सेव्ह’ची सोय पुरेशी आहे. कोडेक बदलायचाच असेल, तर हँडब्रेक सोपे. त्यात उपकरणानुरूप तयार मांडण्या मिळतात. त्यातील ‘आरएफ’चा आकडा जितका लहान, तितका दर्जा चांगला व फाइल मोठी, १०८० ओळींच्या चित्रासाठी २० ते २४ हा पल्ला सुचवला जातो. परंतु हँडब्रेक चित्र नेहमी नव्यानेच बांधते. केवळ वेष्टन बदलायचे असल्यास एफएफएमपेग अधिक योग्य. फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेले हे साधन आज्ञा टंकून चालवावे लागते; त्याच्याच बळावर चालणाऱ्या लॉसलेसकटमध्ये तेच काम खिडकीतील बटणांनी होते.

ही चारही साधने मुक्तस्रोत असून ती चित्रावर स्वतःची मुद्रा उमटवत नाहीत. ‘मोफत’ म्हणवणाऱ्या काही सॉफ्टवेअरांत ही मुद्रा किंवा कालमर्यादा पुढे निघते. कोणतेही साधन त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावे. घरगुती चित्रण ऑनलाइन रूपांतरासाठी परक्या सर्व्हरवर चढवणे टाळावे.

आधी एका मिनिटाचा तुकडा रूपांतरित करून आवाज व चित्राचा मेळ तपासावा. काम मनासारखे झाले तरी मूळ फाइल पुसू नये. पुढच्या काळातील रूपांतर तिच्यावरूनच करावे लागेल.