साष्टीतील मृतांचा दिवस : अंधेरी-मरोळ परिसराच्या संदर्भात

दोन नोव्हेंबरचा मृतांचा दिवस म्हटला की आज मेक्सिको शहरातील भव्य मिरवणूक डोळ्यांसमोर येते. वस्तुतः ती फार अलीकडची आहे. २०१५ च्या 'स्पेक्टर' या चित्रपटाच्या प्रारंभीच्या दृश्यासाठी अशी मिरवणूक कल्पिली गेली आणि २०१६ मध्ये त्या शहराने ती प्रत्यक्षात काढली. यात नवल मानण्याचे कारण नाही. घरातील व्रत रस्त्यावर कसे येते, हे १८९३ नंतरच्या सार्वजनिक गणेशोत्सवावरून मुंबईकरांस चांगले ठाऊक आहे. मिरवणुकीमागील मूळ आचार मात्र कबरीजवळ जाऊन आठवण करण्याचा आहे आणि तो मुंबईच्या उपनगरांतही जुना आहे.

फ्रान्समधील क्लूनी मठाचे प्रमुख ओडिलो यांनी इ.स. ९९८ च्या सुमारास आपल्या मठांतून या दिवसाची प्रार्थना सुरू केली. ती केवळ आप्तांसाठी नव्हती. ज्यांचे नाव घेणारे कोणी उरले नाही, अशा सर्व मृतांसाठी होती. इ.स. १५३४ च्या तहाने वसई व साष्टी पोर्तुगीजांकडे आल्यावर धर्मगुरूंबरोबर हा दिवसही येथील गावांत आला. पुढे १७३७ मध्ये साष्टी मराठ्यांकडे आणि १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेली. १८८७ मध्ये येथील मूळ कॅथलिकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. राजवट आणि नाव बदलले, तरी गावठाण व त्याची दफनभूमी यांचे नाते टिकून राहिले.

त्या दिवसापूर्वी कबरी स्वच्छ केल्या जातात, त्यांवर फुले वाहून मेणबत्त्या लावल्या जातात. मिस्सा झाल्यावर धर्मगुरू पवित्र पाणी शिंपडीत कबरींमधून फिरतात. वाद्ये नाहीत, मुखवटे नाहीत. असलीच तर मिरवणूक ती एवढीच. कबरींवरील झेंडू मात्र मूळचा मेक्सिकोचा. पोर्तुगीजांच्या संपर्कातून तो भारतात आला असावा, असे मानले जाते. तेथेही मृतांच्या दिवशी हेच फूल वापरतात.

या नात्यास तडा कसा जातो, हे अंधेरीजवळच्या कोंडिविटे गावात दिसते. तेथील सेंट जॉन द बाप्टिस्ट हे चर्च १५७९ मध्ये बांधले गेले. १८४० मध्ये साथीमुळे गावकऱ्यांनी ते सोडले व मरोळ येथे नव्या चर्चचा आश्रय घेतला. वेद्या, मूर्ती, बाप्तिस्म्याचे कुंड हे सारे मरोळास नेण्यात आले. जे नेता येत नव्हते ते मागे राहिले: भिंती आणि जमिनीत पुरलेली माणसे. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या सीप्झ या निर्यात क्षेत्राच्या कुंपणात ते भग्नावशेष गेले आणि पूर्वजांच्या जागी जाण्यासही परवानगीची गरज निर्माण झाली. इतिहासलेखनात या घटनेची नोंद बहुधा वास्तूच्या नाशापुरती होते. समाजाच्या दृष्टीने पाहता वास्तू दुय्यम आहे. मरोळच्या दफनभूमीत जळणारी मेणबत्ती कोंडिविट्याच्या मृतांपर्यंत पोहोचते काय, हा खरा प्रश्न होय.

आज हाच प्रश्न उपनगरांतील इतर दफनभूमींतही वेगळ्या रूपाने उभा आहे. जागा अपुरी असल्याने कायमची कबर थोड्याच कुटुंबांच्या वाट्यास येते. इतरांच्या कबरी काही वर्षांनी पुन्हा उकरल्या जातात व अस्थी भिंतीतील कोनाड्यात ठेवल्या जातात. दोन नोव्हेंबरला मग कोणी कबरीपाशी उभे असते, कोणी कोनाड्यावरील नावापाशी. ज्यांस यांपैकी काहीच उरलेले नाही, ते दफनभूमीतील मोठ्या क्रुसाच्या पायथ्याशी मेणबत्ती लावतात. ओडिलोने ज्यांच्यासाठी हा दिवस नेमला, त्या निनावी मृतांची जागा तेथेच आहे. संध्याकाळ होता होता त्या पायथ्याशी मेणाचा थर साचतो, आणि कोणती मेणबत्ती कोणाची हे सांगता येत नाही.