सर, आचारसंहिता आहे

गेल्या नोव्हेंबरातली, म्हणजे २०२५ ची गोष्ट. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नळाची लाइन फुटली. नळाला पाणी असे तोवर ते रस्त्यावरून वाहत गटारात जायचं, आणि पाणी बंद झालं की गटारातलं त्याच भोकातून आत यायचं. सकाळच्या पहिल्या दोन बादल्या गढूळ, त्यांना वास. पलीकडच्या घरातल्या आठ महिन्यांच्या मुलीला जुलाब सुरू झाले तेव्हा मी अर्ज लिहिला आणि नगरपालिकेत गेलो.

खिडकीमागे माझाच एक जुना विद्यार्थी होता. शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या, कारण ती मंडळी निवडणुकीच्या कामावर गेलेली. त्याने उभं राहून नमस्कार केला, अर्ज वाचला आणि म्हणाला, "सर, आचारसंहिता आहे. निकालानंतर बघू."

मी म्हटलं, "अरे, मी नवीन नळ मागत नाहीये. फुटलेला बुजवायचाय."

"तुमचं बरोबर आहे सर. पण उद्या समोरचा पक्ष तक्रार करेल की ह्याच वॉर्डात काम कसं काढलं. मग उत्तर मला द्यावं लागेल."

त्याला मी रागावलो नाही. खोटं बोलायला मी त्याला शिकवलं नव्हतं आणि तो खोटं बोलतही नव्हता. तो घाबरलेला होता. पण घरी येताना एकच विचार डोक्यात फिरत राहिला. गावात निवडणूक लागली की गावाची सेवा करायची कुणी? आणि हे पूर्वी कुणाला सुचलं नसेल का? मास्तरकीची खोड जात नाही, मग जुनी पुस्तकं खाली काढली.

आधी आचारसंहितेचंच पाहू. अशी संहिता पहिल्यांदा केरळात १९६० च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी तयार झाली. सभा, मिरवणुका, घोषणा ह्यांत पक्षांनी कसं वागावं एवढाच तिचा जीव होता. १९६८ मध्ये निवडणूक आयोगाने देशातल्या पक्षांना तशा किमान नियमांचं आवाहन केलं. १९७९ मध्ये तिच्यात सत्ताधारी पक्षासाठी वेगळा भाग आला, आणि १९९० नंतर शेषनसाहेबांनी तिला दात बसवले. ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर राज्य निवडणूक आयोग आले तेव्हापासून नगरपालिकांच्या निवडणुकांनाही ती लागू होते.

आता ह्या सत्ताधारी पक्षाच्या भागात काय म्हटलंय? निवडणूक जाहीर झाल्यावर अनुदानं जाहीर करू नका, कोनशिला बसवू नका, रस्ते बांधण्याचं किंवा पिण्याच्या पाण्याची सोय करण्याचं आश्वासन देऊ नका. वाचताना मी 'आश्वासन' ह्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली. मनाई पाण्याला नाही, पाण्याच्या आश्वासनाला आहे! आधीपासून सुरू असलेलं काम चालू ठेवायला हरकत नसते, आणि रोजची झाडलोट, दिवाबत्ती, पाणीपुरवठा हे तर कुणी जाहीर करायचं कामच नव्हे. पण कागद जसा वरून खाली येतो तसे त्यातले शब्द गळत जातात, आणि खिडकीशी पोचेपर्यंत 'पाणी' आणि 'मनाई' एवढे दोनच शिल्लक राहतात.

हे झालं कागदाचं. खरी गंमत (गंमत म्हणायची की काय, ते तुम्हीच ठरवा) दीडशे वर्षं मागे आहे.

१८६५ च्या कायद्याने मुंबईचा कारभार जस्टिस ऑफ द पीस म्हणवणाऱ्या सरकारनियुक्त मंडळींकडे आणि एका म्युनिसिपल कमिशनरकडे आला. कमिशनर झाले आर्थर क्रॉफर्ड. हा गृहस्थ कामाचा झपाट्याचा. रस्ते रुंद केले, गटारं काढली, ज्या मंडईला पुढे त्यांचंच नाव पडलं ती उभारली. पण हात सैल, आणि जस्टिसांचा वचक नावापुरता. कर वाढले, कर्ज वाढलं, आणि १८७१ मध्ये करदाते खवळले. एकट्या माणसाच्या हाती कारभार नकोच, तो एका समितीकडे द्या, अशी मागणी झाली. जेम्स फोर्ब्स ह्या चळवळीच्या अग्रभागी होते. सगळं शहर एका बाजूला.

त्या नोव्हेंबरात फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सव्वीस वर्षांचा एक बॅरिस्टर निबंध वाचायला उभा राहिला. फिरोजशहा मेहता. त्यांनी क्रॉफर्डच्या उधळपट्टीचं समर्थन केलं नाही, पण त्यांच्या कामाचं श्रेय नाकारलंही नाही. म्हणाले ते असं, की कारभार समितीच्या हाती दिलात तर जबाबदारी कुणाचीच राहणार नाही. काम करणारा एकच जबाबदार अधिकारी ठेवा, मात्र त्याच्यावर लक्ष ठेवणारी, हिशेब विचारणारी सभा करदात्यांनी निवडून दिलेली असू द्या. श्रोत्यांना हे अजिबात रुचलं नाही, सभेत गोंधळ झाला. त्या वयात भरल्या सभेविरुद्ध बोलायला छाती लागते. मी पंचविशीत शिक्षकांच्या बैठकीत मुख्याध्यापकांविरुद्ध एक वाक्य बोललो होतो तर आठवडाभर झोप नव्हती. असो.

१८७२ च्या कायद्यात बऱ्याच अंशी तेच उतरलं. कमिशनर राहिला, आणि चौसष्ट सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले. १८७३ मध्ये त्या निवडणुका झाल्या. मताचा हक्क ठराविक कर भरणाऱ्यांपुरता, म्हणजे गिरणीतल्या मजुराला आणि बायकांना त्यात जागा नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. पुढे १८८८ चा मुंबई महानगरपालिका कायदा आला, त्याच्या घडणीत मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग दोघांचाही हात होता. सभा, स्थायी समिती आणि कमिशनर अशी तीन अंगं त्यात ठरली. आपल्या नगरपालिकांना १९६५ च्या कायद्याने जो मुख्याधिकारी मिळाला, तोही ह्याच कुळातला म्हणायचा.

फिरोजशहा मेहता निवडणुकीच्या काळाविषयी बोलत नव्हते, हे मला माहीत आहे. पण ह्या रचनेचा एक फायदा आपोआप पदरात पडला. सभासद प्रचारात गुंतोत, पडोत, निवडून येवोत, रोजचं काम ज्याच्या अंगावर आहे तो निवडणुकीला उभाच नसतो. तेव्हा त्याने थांबायचं कारण नाही. १९०७ मध्ये खुद्द मेहतांना महापालिकेतून घालवण्यासाठी गोऱ्या अधिकाऱ्यांनी मोट बांधली. जस्टिसांच्या सोळा जागांसाठी मतदान झालं आणि ते सतरावे आले. पुढे निवडून आलेल्यांपैकी एकाची निवड रद्द झाली म्हणून ते आत गेले. त्या निवडणुकीने मुंबईची वर्तमानपत्रं पेटली होती. आत कोण बसणार ह्याचा वाद टिपेला गेला तरी त्याच्याशी नळाचा संबंध नसावा, अशी ही बांधणी.

म्हणजे माझ्या विद्यार्थ्याच्या खिडकीवर जे झालं ते ह्या रचनेच्या उलटं झालं. ज्याने थांबायचं नाही तोच थांबला.

पण इथेच मला स्वतःला अडवावं लागलं. कारण अलीकडच्या काही वर्षांत आपण ह्या रचनेची दुसरी बाजूच गमावून बसलो होतो. आमच्या नगरपालिकेतले सभासद २०१६ च्या अखेरीस निवडून आलेले, त्यांची मुदत पाच वर्षांनी संपली. मुंबई महापालिकेची ७ मार्च २०२२ ला संपली. घटनेत पाच वर्षांची मर्यादा स्पष्ट आहे. पण इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात अडकला, निवडणुका झाल्याच नाहीत, आणि सगळीकडे प्रशासक बसले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिला, पुढे जानेवारी २०२६ अखेरची मुदत घातली, तेव्हा कुठे नगरपालिकांचं मतदान २ डिसेंबरला आणि महापालिकांचं १५ जानेवारीला झालं.

ह्या जवळजवळ चार वर्षांत नळाला पाणी येत होतं, घंटागाडी येत होती. "नगरसेवक नाहीत तेच बरं, कटकट नाही," असं कट्ट्यावर म्हणणारे आमच्यात होते, आणि मीही एकदा मान डोलावली होती. आता लाज वाटते. १८७१ च्या मुंबईतही रस्ते होत होते की! लोक चिडले ते विचारायची सोय नव्हती म्हणून. आमच्या गावचं अंदाजपत्रक चार वर्षं एका बंद खोलीत मंजूर झालं. कुठल्या गल्लीतली लाइन किती जुनी आहे, ती कधी बदलायची, हे उभं राहून विचारणारा सभागृहात कुणी नव्हता. आमची लाइन आचारसंहितेत फुटली खरी, पण ती गंजली त्या आधीच्या वर्षांत.

दुसऱ्या दिवशी मी परत खिडकीशी गेलो. ह्या खेपेला अर्जात एकच वाक्य वाढवलं होतं: 'हे नवीन काम नसून चालू पाणीपुरवठ्यातील दुरुस्ती आहे.' त्याला म्हटलं, तू ठरवू नकोस, मुख्याधिकाऱ्यांकडे पाठव आणि मला पोच दे. त्याने शिक्का मारला. चेहरा थोडा सैलावला होता त्याचा. निर्णय आपल्यावर नाही म्हटल्यावर माणूस मोकळा होतो.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाणी सोडणारा माणूस आणि दोन मजूर आले. खड्डा खणला, कुजलेला तुकडा कापला, नवीन बसवला, माती ओढली. दोन तासांचं काम. कुठल्या उमेदवाराचा फोटो नाही, नारळ नाही. सौ.ने चहा दिला तर तो माणूस म्हणाला, "आजी, पुढचा जोडपण गेलेलाय. पण तो बदलायचा तर सगळी लाइनच काढावी लागंल. त्याला ठराव पायजे."

मतमोजणी ३ डिसेंबरला व्हायची ती उच्च न्यायालयाच्या आदेशाने २१ डिसेंबरला झाली. आमच्या प्रभागातून निवडून आलेली बाई नवखी आहे, पस्तिशीची असेल. आभार मानायला दारी आली तेव्हा मी तिला रस्त्यावरची ती ओली माती दाखवली आणि ठरावाचं सांगितलं. तिने वहीत लिहून घेतलं. वहीचं ते पहिलंच पान होतं.