पाव मैल आणि ‘मूळ स्वरूप’

जुनी मोटार जतन करायची म्हणजे नेमके काय जतन करायचे? कारखान्यातून निघाली तेव्हाचे तिचे रूप, की पुढच्या हातांनी तिच्यात केलेले काम? फियाट 1100 या एका गाडीच्या आधारे या प्रश्नाकडे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

मी येरमाळ्याचा. आमच्या गावावरून जाणारा महामार्ग दक्षिणेला सोलापूरला पोचतो. तिथेच 1882मध्ये वालचंद हिराचंद यांचा जन्म झाला. 1940मध्ये बंगळुरात विमानांचा कारखाना आणि 1944मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स हे दोन्ही उद्योग त्यांनी उभे केले. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या गाड्या जुळवल्या जात. पुढे फियाट आली आणि 1974मध्ये तिचे नाव ‘पद्मिनी’ झाले. इंजिन 1089 सीसीचे, ताकद जेमतेम चाळीस अश्वशक्ती.

आयात जवळपास बंद होती. ॲम्बॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड हेराल्ड यांतूनच निवड करायची. ज्याला शर्यत लावायची, त्याला हातातलीच गाडी बदलावी लागे. मद्रासजवळच्या शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळाच्या धावपट्टीवर वर्षानुवर्षे शर्यती झाल्या आणि त्यांत अशा फियाट धावल्या. लेथवर हेड घासून दाब वाढवायचा, सिलिंडर बोअर करायचे, फ्लायव्हील हलके करायचे, दुसरा कार्ब्युरेटर चढवायचा, आतल्या सीट काढून वजन उतरवायचे. ही सगळी गॅरेजातली विद्या होती.

ड्रॅग शर्यतीत हे काम उघडे पडते. दोन गाड्या जागेवर उभ्या, समोर सरळ पाव मैल, म्हणजे सुमारे 402 मीटर. शंकरपट पाहिलेल्याला यात नवल वाटणार नाही : सरळ पट्टी, थोडे अंतर आणि सेकंदांचा हिशेब. अमेरिकेत 1950च्या सुमारास हा खेळ विमानतळांच्या धावपट्ट्यांवर रुजला. आपल्याकडेही अलीकडे लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर तो भरला. इथे वळणावरचे कौशल्य उपयोगी पडत नाही. क्लच किती पकडतो, गिअरचे प्रमाण कसे आहे, वजन किती आहे, यावर निकाल लागतो.

आता कायदा पाहू. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52नुसार नोंदणीकृत गाडीत निर्मात्याच्या मूळ तपशिलाला सोडून फेरफार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019मध्ये हेच अधोरेखित केले. रस्त्यावरच्या सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. 2021च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ दर्जा दिला, पण अट तीच : गाडी मूळ स्वरूपात हवी. पहिल्या पद्मिनींची पन्नाशी 2024मध्ये भरली. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑक्टोबर 2023मध्ये, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली होती.

म्हणजे शर्यतीसाठी घडवलेली फियाट रस्त्यावर चालत नाही आणि वारसा म्हणूनही गणली जात नाही. उरतो तो भंगाराचा रस्ता. तिच्याबरोबर जाते ते मिस्त्रीचे काम : किती घासले, कोणता सुटा भाग कोणत्या गाडीचा बसवला, कशाने किती सेकंद वाचले. कुर्ल्याच्या कारखान्याचा इतिहास नकाशांत आणि पत्रकांत सापडतो, गॅरेजचा इतिहास मात्र गाडीच्याच अंगावर लिहिलेला असतो.

माझे म्हणणे एवढेच, की अशा गाड्यांना रस्त्यावर आणण्याचा परवाना नको, पण फेरफारांच्या नोंदीसह संग्रहालयात जागा हवी. टंचाईच्या काळात आपल्या कारागिरांनी चाळीस अश्वशक्तीतून काय काढले, त्याचा तोच अस्सल पुरावा आहे.