डॅन्यूबकाठचे जोते

डॅन्यूबमधून जाणाऱ्या प्रवासी नौका बव्हेरियातील रेगेन्सबुर्ग या नगरीत सहसा अर्धाच दिवस थांबतात. आमचीही तशीच थांबली. इ.स. ११३५ ते ११४६ या काळात बांधलेला दगडी पूल, इ.स. १७९ मधील रोमन छावणीच्या वेशीचे अवशेष, १६६३ ते १८०६ पर्यंत पवित्र रोमन साम्राज्याची सभा जेथे भरत असे ते नगरभवन, हे सारे दोन तासांत पाहून होते. दुसऱ्या महायुद्धातूनही जुने नगर बव्हंशी बचावले. २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात स्थान दिले. एवढे अभंग गाव युरोपात विरळाच.

मात्र आमचे पाऊल अडखळले ते एका रिकाम्या जागेपाशी. तिचे नाव नॉयफारप्लाट्झ. मध्ययुगात येथे ज्यूंची वस्ती होती. तिच्या नोंदी दहाव्या शतकापासून मिळतात. १०९६ मध्ये धर्मयोद्ध्यांनी येथील ज्यूंना नदीत लोटून बळाने बाप्तिस्मा दिला, तरीही वस्ती टिकली. बाराव्या शतकाच्या अखेरीस येहुदा हेहासिद यांच्यासारखे थोर धर्मपंडित येथे येऊन राहिले. या वस्तीला आधार होता तो सम्राटाच्या संरक्षणाचा. जानेवारी १५१९ मध्ये सम्राट पहिला मॅक्सिमिलियन निवर्तला. व्यापार ओसरल्याने कर्जात बुडालेल्या नगराने दोष सावकारी करणाऱ्या शेजाऱ्यांवर ठेवलाच होता. २१ फेब्रुवारी रोजी नगरसभेने ज्यूंच्या हकालपट्टीचा ठराव केला आणि काही दिवसांतच सिनेगॉग जमीनदोस्त झाले.

चित्रकार आल्ब्रेख्त आल्टडॉर्फर हा त्याच नगराच्या कारभारी मंडळींपैकी एक. सिनेगॉग पाडले जाण्यापूर्वी त्याने त्याची दोन चित्रे कोरून ठेवली. पाडणाऱ्यांतील एकाच्याच हाताने त्या वास्तूचे रूप जपले गेले! स्मशानातील कोरीव शिळा विजयचिन्हे म्हणून घरांच्या भिंतींत बसविण्यात आल्या. त्यांतील काहींवरील हिब्रू अक्षरे आजही वाचता येतात.

१९९५ ते १९९८ या काळातील उत्खननात येथे जुन्या वस्तीचे पाये सापडले. २००५ मध्ये इस्रायली शिल्पकार दानी कारावान यांनी सिनेगॉगचा आराखडा पांढऱ्या जोत्याच्या रूपाने त्याच जागी उभारला. १९३८ मध्ये जाळण्यात आलेल्या दुसऱ्या सिनेगॉगच्या जागी २०१९ साली, म्हणजे हकालपट्टीनंतर बरोबर पाचशे वर्षांनी, नवे सिनेगॉग उघडले.

आमचे पूर्वज शिंदे-होळकरांबरोबर माळव्यात आले. आम्हांला कोणी हाकलले नाही. कोकणात मराठी बोलत नांदलेल्या बेने इस्राएलांनाही तेथे कोणी हाकलले नाही. म्हणून त्यांच्या दुःखाशी आपली तुलना करणे अनुचित होय. तथापि शतकानुशतकांचा रहिवास एका राजाच्या मृत्यूनंतर सहा आठवड्यांत कवडीमोल ठरू शकतो, हे परमुलखात घर केलेल्या कोणासही अस्वस्थ करील. राजाश्रयाने वस्ती वसते, परंतु ती टिकते शेजाऱ्यांच्या मनात आपल्याविषयी काय आहे यावर.

त्या जोत्यावर शाळकरी मुले डबे उघडून बसली होती. वाटाड्या पुढे गेला होता. नौका सुटण्याची वेळ होत आली, तरी आमच्यापैकी कोणीच उठेना.