पेटीतून अंगणात : बालवाडीच्या अभ्यासक्रमाची कुळकथा

शाळेच्या अभ्यासक्रमाचे मूळ पाठ्यपुस्तकात सापडते, तर बालवाडीच्या अभ्यासक्रमाचे मूळ लाकडी ठोकळ्यांच्या एका पेटीत सापडते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाचता येत नसल्याने काय शिकवायचे, कोणत्या क्रमाने शिकवायचे आणि शिकले की नाही हे कसे ओळखायचे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आरंभी वस्तूंच्या रचनेतच साठवलेली होती. पुढे ती दिवसाच्या दिनक्रमात उतरली आणि अखेरीस सरकारी नियोजनपत्रकावर आली. आजच्या अंगणवाडीतील मुक्त खेळ, गप्पागोष्टी, बडबडगीते आणि हस्तव्यवसाय यांची मांडणी या तीन टप्प्यांतून घडत गेलेली आहे.

लहान मुलांना सांभाळण्याची सोय आणि त्यांना शिकवण्याची योजना या दोन गोष्टी मुळात वेगळ्या होत्या. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथे रॉबर्ट ओवेन यांनी 1816 मध्ये गिरणी कामगारांच्या मुलांसाठी शिशुशाळा काढली, तेव्हा पुस्तकांऐवजी चित्रे, गाणी, नाच आणि मोकळ्या हवेतील खेळ यांवर भर दिला. परंतु कोणत्या कृतीनंतर कोणती कृती यावी आणि का यावी, याचे सुसंगत तत्त्व मांडण्याचे श्रेय फ्रेडरिक फ्रोबेल (1782–1852) यांच्याकडे जाते. जर्मनीतील थुरिंजिया प्रांतात, बाड ब्लांकेनबुर्ग या गावी, त्यांनी 1837 मध्ये बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि 1840 मध्ये त्या संस्थेला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले.

फ्रोबेल यांनी खेळसाहित्याचे क्रमवार संच तयार केले आणि त्यांना 'भेटी' म्हटले. पहिल्या भेटीत लोकरीचे सहा रंगीत चेंडू होते, दुसऱ्या भेटीत लाकडी गोल, दंडगोल आणि घन होते, तर तिसऱ्या भेटीत 2 इंची घनाचे 8 लहान घन पाडलेले होते. ही तिसरी भेट मुलापुढे ठेवण्याची रीतही ठरलेली होती : पेटी मेजावर पालथी घालायची, सरकते झाकण खालून ओढून काढायचे आणि पेटी अलगद वर उचलायची, म्हणजे मुलाला आधी अखंड घन दिसे आणि मग तो त्याचे भाग सुटे करी. त्या आठ घनांतून खुर्ची, जिना किंवा नक्षी रचताना एकही ठोकळा बाजूला टाकायचा नाही, आणि खेळ संपल्यावर पुन्हा अखंड घन जुळवूनच तो पेटीत ठेवायचा, असा दंडक होता. पूर्णाकडून अंशाकडे आणि अंशाकडून पुन्हा पूर्णाकडे जाण्याचा हा पाठ शिक्षिकेला शब्दांत सांगावा लागत नसे. पुढच्या भेटी घनाकृतीकडून पृष्ठाकडे, पृष्ठाकडून रेषेकडे आणि रेषेकडून बिंदूकडे जात, तर हस्तव्यवसाय, म्हणजे कागद टोचणे, शिवण, कागदाची विण आणि मातीकाम, हाच प्रवास उलट्या दिशेने करवीत. कोणती वस्तू कोणत्या वस्तूनंतर मुलाच्या हाती द्यायची, हा क्रम हाच फ्रोबेल यांचा अभ्यासक्रम होता.

प्रशियाच्या सरकारने 1851 मध्ये किंडरगार्टनवर बंदी घातली आणि ती 1860 पर्यंत टिकली. दरम्यान जर्मनीबाहेर पडलेल्या अनुयायांनी ही पद्धत इंग्लंड-अमेरिकेत नेली. पंडिता रमाबाई 1886 मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या असता त्यांनी अमेरिकेत ही पद्धत अभ्यासली, आणि 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू करताना ती जाण त्यांच्यासोबत होती. खुद्द जर्मनीत मात्र भेटींचा काटेकोर क्रम यांत्रिक होत चालला होता. त्यावर फ्रोबेल यांच्या नात्यातील हेन्रिएटे श्राडर-ब्रायमन (1827–1899) यांनी बर्लिनमधील पेस्टालोझी-फ्रोबेल-हाउस या संस्थेत 'महिन्याचा विषय' ही योजना आणली. निसर्गातील किंवा घरातील एखादा विषय निवडायचा आणि गोष्टी, गाणी, बागकाम, स्वयंपाकघरातील काम व मातीकाम हे सारे त्या विषयाभोवती गुंफायचे, अशी तिची रीत होती. आजच्या पूर्वप्राथमिक वर्गांत 'माझे घर', 'पाणी', 'भाज्या' असे विषय धरून जे आठवड्याचे किंवा महिन्याचे नियोजन केले जाते, ते याच जातीचे आहे.

दुसरे मोठे वळण इटलीत आले. रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत, कामावर जाणाऱ्या आईबापांची मुले दिवसभर मोकाट फिरत आणि इमारतींची नासधूस करीत, म्हणून गृहसंस्थेने त्यांच्यासाठी सोय करायचे ठरवले, आणि डॉ. मारिया माँटेसरी यांनी तेथे 6 जानेवारी 1907 रोजी पहिले बालगृह उघडले. म्हणजे मुळात ही मुले सांभाळण्याचीच व्यवस्था होती. माँटेसरी यांनी साधनांच्या रचनेतच चूक दाखवण्याची योजना केली, आणि तिला स्वयंशोधन म्हणता येईल. दट्ट्यांच्या लाकडी ठोकळ्यात 10 खाचा आणि त्यांत बसणारे 10 दट्टे असतात; एखादा दट्ट्या चुकीच्या खाचेत गेला, तर शेवटी एक दट्ट्या असा उरतो की तो उरलेल्या खाचेत बसत नाही, आणि शिक्षिकेने न सांगताही मूल पुन्हा मांडणी करू लागते. यामुळे नियोजनाचे स्वरूप बदलले : सर्वांना एकाच वेळी एकच पाठ देण्याऐवजी प्रत्येक मुलाला त्याच्या गतीने काम करता येईल अशी खोली सजवणे आणि निरीक्षण करणे, हे शिक्षिकेचे काम ठरले.

भारतात ही पद्धत रुजवण्यात भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेतील गिजुभाई बधेका (1885–1939) यांचा वाटा मोठा होता. त्यांनी 1920 मध्ये बालमंदिर सुरू केले, आणि 1923 च्या सुमारास ताराबाई मोडक (1892–1973) त्यांच्या कामात सामील झाल्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, 'शिक्षणपत्रिका' या मासिकातून बालशिक्षणाचा विचार गुजराती व मराठी घरांत पोहोचला, आणि 1936 मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. परंतु माँटेसरी साधने महाग होती, आणि त्यांचा लाभ प्रामुख्याने शहरी मध्यमवर्गीय मुलांना मिळत होता.

1945 मध्ये ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील, आता पालघर जिल्ह्यात असलेल्या, समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्रामबालशिक्षा केंद्र उघडले, आणि अनुताई वाघ (1910–1992) त्यांच्यासोबत आल्या. येथे अभ्यासक्रम वस्तूंपासून प्रथमच सुटा झाला. इंद्रियशिक्षणाचा उद्देश कायम ठेवून साहित्य मात्र भोवतालातून घेतले गेले; शिंपले, बिया, पाने आणि खडे लहान-मोठे लावणे, रंगानुसार वेगळे करणे आणि मोजणे या कृतींनी लाकडी संचांचे काम भागवले. तरीही गावातील दलित आणि आदिवासी वस्त्यांतील मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीत, घराच्या अंगणात नेण्यात आली, आणि या प्रयोगाला अंगणबालवाडी म्हटले गेले. अंगण झाडणे, मुलांना अंघोळ घालणे, केस विंचरणे आणि नखे कापणे यांपासून तेथला दिवस सुरू होई, आणि मग गाणी, गोष्टी व गप्पा होत. स्वच्छता ही शिक्षणाआधीची तयारी न राहता शिक्षणाचाच पहिला घटक बनली. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हलल्यावर वारली मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांची सांगड घालणारी विकासवाडी उभी राहिली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे शिकण्याची जागा आणि वेळ मुलाच्या कामावरून ठरू लागली. माँटेसरींच्या बालगृहात खोली मुलाच्या मापाने सजवली जाई. कोसबाडने वेळापत्रकही मुलाच्या मापाने बेतले.

2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशभरात 33 प्रकल्पांनी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, पोषण व आरोग्यशिक्षण आणि अनौपचारिक शालेयपूर्व शिक्षण अशा सहा सेवांची ही मोट असल्याने, वजनाच्या नोंदी, आहारवाटप आणि गृहभेटी सांभाळून सेविकेला मुलांसाठी वेळ काढावा लागे, आणि म्हणूनच तयार नियोजनाची गरज वाढत गेली. 2013 च्या राष्ट्रीय धोरणाने बालपणातील संगोपन व शिक्षणाला अभ्यासक्रमाची चौकट दिली, 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकसंध पायाभूत टप्पा मानला, आणि 2024 मध्ये केंद्र सरकारने तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी 'आधारशिला' हा अभ्यासक्रम दिला. त्यात वर्षाचे 48 आठवडे आखलेले असून पहिले 4 मुले रुळण्यासाठी, पुढचे 36 खेळातून शिकण्यासाठी आणि अखेरचे 8 उजळणीसाठी आहेत. आठवड्यातील पाच दिवस नव्या कृती आणि सहाव्या दिवशी त्यांचे दृढीकरण, अशी त्याची घडण आहे.

या पत्रकात सोप्याकडून अवघडाकडे जाण्याचा फ्रोबेल यांचा क्रम सहज मावतो, आणि माँटेसरी यांचे निरीक्षणही मूल्यमापनाच्या रकान्यांतून टिकते. बोर्डी-कोसबाडचा वारसा मात्र आगाऊ छापता येत नाही, कारण हाताशी कोणत्या बिया आहेत, मुले कोणत्या बोलीत बोलतात आणि भाताच्या आवणीच्या दिवसांत घर पहाटेच रिकामे होत असेल तर वर्ग कधी व कोठे भरवायचा, हे त्या त्या गावातच ठरवावे लागते. 48 आठवड्यांचा आराखडा सेविकेला विचारांचा पाया देऊ शकतो. परंतु त्यातील कृती बदलण्याचा, मागेपुढे करण्याचा आणि वगळण्याचा अधिकार तिला मिळाला, तरच तो आराखडा अंगणवाडीचा अभ्यासक्रम ठरतो.